कुत्र्याच्या रक्तातली अमिनो आम्लं तपासून काही कळतं का? (आतड्याचा जुनाट आजार)

देवगडचा_माड | ११ जून, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या सहा वर्षांचा, गावठी, तांबूस रंगाचा. पिल्लू असताना बंदरावर सापडला तेव्हापासून घरातलाच. फेब्रुवारीत त्याला जुलाब सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. चार महिने झाले. सकाळी पिवळा फेस ओकतो, पोट इतकं गुडगुडतं की बाजूच्या खोलीत ऐकू येतं, आणि गवत खात सुटतो. वजन १९ किलो होतं, काल तोलून बघितलं तर १४.२ भरलं. पाठीचा एकेक मणका हाताला लागतो.

आतापर्यंत जंताचं औषध दोनदा आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. कोर्स चालू असेपर्यंत बरा असतो, बंद केला की आठवड्यात पुन्हा तेच. रक्ताच्या रिपोर्टमध्ये यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहे, लघवीतून प्रथिनं जात नाहीत, पण अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) १.९ आलंय. कोल्हापूरला दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी आतड्याचा जुनाट आजार असावा म्हणून सांगितलं आणि पुढच्या तपासण्यांची यादी दिली.

आता मुख्य प्रश्न. माझा एक मित्र औषधांच्या कंपनीत आहे. तो म्हणतो की अशा कुत्र्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन वगैरे अमिनो आम्लं कमी होतात, ती मोजून घे आणि जे कमी असेल ते पावडरीने भरून काढ. एका लॅबने साडेपाच हजार सांगितले. पैसे कसेही उभे करीन, पण त्यातून बंड्याचा फायदा होणार का? कुणाला अनुभव आहे का?

---

तारकर्लीचो_झील | ११ जून, रात्री १०:२०

आमच्या टिपूक असाच झालेला रे. दोन म्हयने पातळ. मी माशाची डोकी, काटे सगळा बंद केलंय, नुसती पेज घातलंय. आठ दिवसात बरो झालो. रगत तपासूक खंय धावतंस, आदी पेज घाल.

---

सुपारीची_बाग | ११ जून, रात्री १०:४१

रागावू नका, पण गावठी कुत्र्यावर इतका खर्च? आमच्याकडे वाडीत आठ-दहा आहेत, आजारी पडतात, आपोआप बरे होतात नाहीतर जातात.

---

देवगडचा_माड | ११ जून, रात्री ११:०५

@सुपारीची_बाग, तीन वर्षांपूर्वी पावसात वडील विहिरीपाशी पाय घसरून पडले तेव्हा हाच घरापर्यंत येऊन भुंकून आईला घेऊन गेला. माझ्यासाठी हा प्रश्न तिथेच संपतो.

@तारकर्लीचो_झील, पेज घालून झाली. तीन आठवडे फक्त उकड्या तांदळाची पेज दिली. जुलाब जरा कमी झाले, पण वजन अजून उतरलं.

---

गुरांचा_डॉक्टर | १२ जून, सकाळी ७:१५

मी पशुवैद्य आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. बंड्याला तपासलेलं नाही, म्हणून जे लिहितोय ते सर्वसाधारण समजा.

आधी पेजेबद्दल. साध्या अजीर्णाला दोन दिवस पेज उत्तम. पण ज्याचं अल्ब्युमिन १.९ आहे (कुत्र्यात साधारण अडीचच्या वर असावं लागतं) त्याला तीन आठवडे नुसती पेज म्हणजे प्रथिनांचा उपास. आतड्यातून प्रथिनं झिरपताहेत आणि तोंडातून येत नाहीत, मग शरीर स्वतःचे स्नायू खातं. पाठीचे मणके लागतात ते त्यामुळेच. टिपूला बहुधा खाण्यातलं काहीतरी सोसत नव्हतं, ते बंद झालं म्हणून तो बरा झाला. पेज हे औषध नव्हतं.

आता अमिनो आम्लं. मित्र सांगतो त्यात तथ्य आहे. २०१९ साली जपानमधल्या एका अभ्यासात आतड्याचा दाह असलेल्या कुत्र्यांच्या रक्तात मेथिओनीन, प्रोलीन, सेरीन आणि ट्रिप्टोफॅन ही चार निरोगी कुत्र्यांपेक्षा कमी सापडली. सेरीन जितकं कमी तितकी लक्षणं जास्त, असंही दिसलं. प्रथिनं गळणाऱ्या आतड्याच्या कुत्र्यांत ट्रिप्टोफॅन कमी असल्याचं इतर ठिकाणीही आढळलंय. पण हे सगळे थोड्या कुत्र्यांवरचे अभ्यास आहेत. 'कमी आहे' हे कळलं म्हणून 'भरून काढलं की बरा होतो' हे सिद्ध होत नाही. बंड्याच्या बाबतीत साडेपाच हजार दुसरीकडे जास्त उपयोगी पडतील, ते संध्याकाळी लिहितो. आता गोठ्यावर जायचंय.

---

रेणूरेषा | १२ जून, सकाळी ११:३०

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, माहेर वेंगुर्ल्याचं. डॉक्टरांच्या बोलण्यात थोडी भर घालते, कारण हा विषय माझ्या फार आवडीचा आहे.

प्रथिनं आतड्यात तुटतात आणि त्यांचे सुटे मणी म्हणजे अमिनो आम्लं. कुत्र्याला दहा अमिनो आम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात. मोठ्या माणसाला नऊ पुरतात, कुत्र्याला आर्जिनीनसुद्धा बाहेरून लागतं. ट्रिप्टोफॅन त्या दहांतलं.

रक्तात ते कमी का होतं याची कारणं एकाहून जास्त आहेत. कुत्रा जेवत नाही. जेवलं तरी रसांकुर (आतड्याच्या आतले अन्न शोषणारे बारीक कोंब) झिजल्यामुळे शोषण होत नाही. शोषलेलंही गळक्या आतड्यातून परत बाहेर जातं. शिवाय दाह असला की शरीर ट्रिप्टोफॅन वेगळ्या वाटेने जाळायला लागतं, तिला कायन्युरेनीनची वाट म्हणतात. माणसांत हे २०१७ साली जर्मनीत पाचशेहून जास्त रुग्णांवर पाहिलं गेलं: आजार जितका जोरात तितकं रक्तातलं ट्रिप्टोफॅन कमी. आणि आतड्यातले जंतूही त्यातला वाटा घेतात, त्याचं इंडोल करतात. एकच आकडा कमी आला तर यातलं कुठलं कारण ते त्या आकड्यावरून कळत नाही.

आणखी एक मेख आहे आणि ती बंड्याला थेट लागू पडते. रक्तातलं बरंचसं ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनला चिकटून फिरतं, बाकीची अमिनो आम्लं तशी चिकटत नाहीत. अल्ब्युमिन १.९ असेल तर एकूण ट्रिप्टोफॅन कमी दिसणारच. होड्या कमी झाल्या की बंदरावर उतरणारी माणसंही कमी दिसतात, तसं. म्हणजे साडेपाच हजार देऊन जे कळेल त्यातलं निम्मं तुमच्या हातातल्या रिपोर्टमध्ये आधीच आहे.

---

कोकम_आगळ | १२ जून, दुपारी १:१०

@रेणूरेषा ताई, कोविडच्या वेळी एसीई-टू नावाचं काहीतरी ऐकलं होतं, त्याचा आतड्याशी संबंध असतो असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. हे तेच का?

---

रेणूरेषा | १२ जून, दुपारी १:४५

अगदी तेच. कोविडचा विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो ते एसीई-टू हे प्रथिन आतड्यात वेगळंच काम करतं. अमिनो आम्लं आत ओढून घेणाऱ्या एका वाहकाला ते जागेवर धरून ठेवतं. २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की ज्यांच्यात एसीई-टू नाही त्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी असतं आणि त्यांच्या आतड्याला दाह लवकर आणि जास्त होतो. त्यांना ट्रिप्टोफॅन दिल्यावर तो कमीही झाला. म्हणून या विषयात एवढी आशा आहे. पण ते उंदीर, आणि तेही एकच दोष असलेले.

---

निवृत्त_मास्तर | १२ जून, दुपारी ४:०२

चर्चा वाचून राहवलं नाही. कुत्रा आणि ट्रिप्टोफॅन यांचं नातं जुनं आहे, थोडं विषयांतर होईल.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा: कातडी सोलणं, जुलाब, वेड. तसंच खाणं कुत्र्यांना दिलं की त्यांची जीभ काळी पडायची, त्या रोगाला नावच काळी जीभ असं पडलं. १९३७ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन अशा कुत्र्यांना बरं केलं आणि त्यावरून माणसांच्या पेलाग्राचा इलाज सापडला. हे निकोटिनिक आम्ल म्हणजे नायसिन, आणि शरीर ते ट्रिप्टोफॅनपासूनही बनवतं. मक्यात ट्रिप्टोफॅन फार थोडं.

आपल्याकडे घाटावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसायचा. ज्वारीत ट्रिप्टोफॅन तितकंसं कमी नाही, मग का व्हावा? १९६० च्या दशकात हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर, ते ज्वारीत जास्त. कुत्र्याच्या पिल्लांना खाण्यात जादा ल्युसीन दिल्यावर त्यांच्यात काळ्या जिभेची लक्षणं दिसली. पुढे या मतावर वाद झाले, सगळ्यांनी ते मानलं नाही. पण मुद्दा इतकाच की एक अमिनो आम्ल वाढवलं की दुसऱ्याचं गणित हलू शकतं. जिमवाल्यांच्या पावडरीत ल्युसीन भरपूर असतं. देवगडकर, मित्राच्या पावडरीचा डबा उघडण्याआधी हे लक्षात असू द्या.

---

गुरांचा_डॉक्टर | १२ जून, रात्री ८:३०

मास्तर, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

पावडरीबद्दल एक गोष्ट ठळक करून लिहितो. माणसांच्या पावडरीत झायलिटॉल नावाचं गोडवा आणणारं द्रव्य असू शकतं. कुत्र्याला ते विष आहे, रक्तातली साखर झपकन उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. डब्यावर वाचल्याशिवाय काहीही देऊ नका.

आता सकाळचं राहिलेलं. बंड्याच्या बाबतीत माझा क्रम असा असता. पहिली विष्ठा, लागोपाठ तीन दिवसांची. आपल्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत हुकवर्म हा जंत सहज लागतो, आणि जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी एकाच नमुन्यात बऱ्याचदा नजरेतून सुटतो. मग रक्तातलं बी-१२. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तो भाग आजारी असला की उतरतं, आणि ते उतरलेलं असताना बाकीचे उपचार लागू पडत नाहीत. गंमत म्हणजे शरीरात मेथिओनीन पुन्हा तयार करायलाही बी-१२ लागतं, म्हणजे अमिनो आम्लांची एक दोरी इथेही बांधलेली आहे. त्याबरोबर स्वादुपिंडाची टीएलआय (पाचक रस पुरेसे बनतात का याची तपासणी) आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक, कारण ते कमी पडण्याचा अ‍ॅडिसनचा आजार हुबेहूब असाच दिसतो.

आणि खाण्याची चाचणी. हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं खाणं, दोन आठवडे. त्याशिवाय तोंडात पाणी सोडून काहीही नाही. आतड्याच्या अशा आजारात बरीच कुत्री नुसत्या खाण्याच्या बदलाने सुधारतात आणि सुधारणा दिसायची तर साधारण दोन आठवड्यांत दिसते. अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा देण्यातून काही साधत नाही, आतड्यातले चांगले जंतूही मरतात.

आजपासून एक वही करा. रोज सहा गोष्टी: उत्साह, भूक, ओकारी, शौचाचा घट्टपणा, किती वेळा, आणि वजन. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. २००३ पासून जगभर पशुवैद्य याच पद्धतीने या आजाराची तीव्रता मोजतात. ही वही फुकट आहे आणि कुठल्याही लॅबच्या कागदाइतकी मोलाची.

---

चौलची_वाडी | १३ जून, रात्री १२:१८

हे लिहू की नको असं करत दोन दिवस गेले.

आमची लॅब्राडोर, जुई. मागच्या वर्षी गेली, सात वर्षांची. तिलाही चार-पाच महिने जुलाब, आम्हीही 'समुद्राचं काहीतरी खाल्लं असेल' म्हणत राहिलो. अल्ब्युमिन पहिल्यांदा मोजलं तेव्हा १.३ होतं. पोटात पाणी झालं होतं, आम्हाला वाटलं वजन वाढतंय आणि आनंद झाला. एका पहाटे श्वास लागला आणि मुंबईला नेईपर्यंत गेली. नंतर समजलं की गळणाऱ्या आतड्यातून रक्त पातळ ठेवणारं प्रथिनही जातं आणि गुठळी होऊ शकते.

म्हणून मला इथलं 'ही तपासणी नको, ती नको' वाचून त्रास होतो. कुणीतरी काहीतरी लवकर मोजलं असतं तर? देवगडचा_माड, तुम्ही मोजा. जे मोजता येईल ते मोजा.

---

रेणूरेषा | १३ जून, सकाळी ६:५०

ताई, जुईबद्दल फार वाईट वाटलं. आणि तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. तुमच्या जुईच्या वेळी जे मोजायला हवं होतं ते अल्ब्युमिनच, आणि ते साध्या लॅबमध्ये थोडक्या पैशांत होतं. ते लवकर झालं असतं तर कदाचित फरक पडला असता.

अल्ब्युमिन म्हणजे विहिरीची पातळी आणि अमिनो आम्लं म्हणजे पाटातून वाहणारं पाणी. कुत्र्यात अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य साधारण आठ दिवसांचं, म्हणून त्याची पातळी गेल्या काही आठवड्यांचा हिशेब सांगते. अमिनो आम्लं तासातासाला बदलतात. सकाळी अंडं खाल्लं की दुपारचा आकडा वेगळा. म्हणून रक्त काढण्याआधी बारा तास उपाशी ठेवावं लागतं, नमुना लगेच थंड करून द्रव वेगळा करावा लागतो आणि गोठवून न्यावा लागतो. तांबड्या पेशी फुटल्या तर आतली अमिनो आम्लं बाहेर येतात आणि आकडे बिघडतात.

देवगडहून हे कसं नेणार याचा विचार करा. शिवाय ज्या लॅबने पैसे सांगितले ती बहुधा नवजात बाळांच्या चयापचयाच्या दोषांसाठी ही तपासणी करते. रिपोर्टवर 'सामान्य मर्यादा' म्हणून जो रकाना असेल तो माणसांचा असेल. बंड्या त्यात बसला काय, न बसला काय.

---

हर्णै_बंदर | १३ जून, सकाळी ९:२५

नेण्याचं मी सांगतो. आम्ही कोळंबीचे नमुने तपासणीला पाठवतो तेव्हा मासळीचा थर्माकोलचा डबा घेतो, तळाशी बर्फाचा चुरा, त्यावर मीठ, मधे प्लास्टिकच्या डब्यात नमुना आणि वरून पुन्हा बर्फ. झाकणाला चिकटपट्टी सगळीकडून. रात्रीच्या गाडीने गेला तर सकाळी बर्फ शिल्लक असतो. पण दार उघडून बघत बसायचं नाही, तिथेच सगळे चुकतात.

---

देवगडचा_माड | १५ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे उत्तर वाचले, काही दोनदा. चौलच्या ताई, तुमचं वाचून मी उठून बंड्याच्या पोटाला हात लावून बघितला. पाणी नाही वाटत. तरी उद्या दाखवतो.

ठरवलंय की आधी डॉक्टरांचा क्रम. विष्ठा दिली. बी-१२, टीएलआय, कॉर्टिसॉलचं रक्त काल कोल्हापूरला दिलं, करूळ घाटात दरड होती म्हणून फोंड्याने गेलो. हायड्रोलाइज्ड खाण्याची पिशवी मागवली आहे. वही केली: आज १८ पैकी ११ गुण.

---

देवगडचा_माड | १ जुलै, रात्री ९:३०

रिपोर्ट: जंत नाहीत, जिआर्डिया नाही. टीएलआय आणि कॉर्टिसॉल ठीक. बी-१२ खूपच कमी. आठवड्याला एक इंजेक्शन असं सहा आठवडे सुरू केलं.

पण खाण्याची चाचणी फसल्यासारखी वाटतेय. पहिले सहा दिवस चमत्कार. शौच घट्ट, गुण ११ वरून ५ वर. सातव्या दिवसापासून पुन्हा पातळ, पुन्हा ९. आज बारावा दिवस. घरात कुणी काही देत नाही, शेजाऱ्यांनाही हात जोडून सांगितलंय. आता डॉक्टर म्हणतात की दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासू आणि मग स्टेरॉइड.

---

गुरांचा_डॉक्टर | १ जुलै, रात्री १०:०५

थांबा. सातव्या दिवशी काय घडलं? खाणं नव्हे, काहीही. गोचिडीची गोळी दिलीत का? चघळायच्या बऱ्याच गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते, ती चाचणीत चालत नाही. आणि दिवसभर तो कुठे असतो, कुठे चाटतो, एक दिवस मागे राहून बघा.

---

देवगडचा_माड | ३ जुलै, सकाळी ७:४०

डॉक्टर, सापडलं.

गोळी दिली नव्हती. काल पहाटे साडेपाचला उठून मागच्या पडवीत अंधारात बसलो. बंड्या उठला, अंग झाडलं, अंगणात गेला नाही, सरळ मागीलदारच्या माडाच्या आळ्याकडे. तिथे मातीत नाक खुपसून चाटत बसला, दहा मिनिटं. शेपूट हळूहळू हलत होती. मी जवळ जाऊन बोटाने माती उकरली तर बांगड्याचे खवले चमकत होते.

आई मासे मागीलदारी निवडते आणि धुतलेलं पाणी पिढ्यान् पिढ्या त्याच माडाला जातं. सव्वीस तारखेला पाऊस उघडला तेव्हा बाजारात बांगडा आला होता. तोच सातवा दिवस. आईला सांगितलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, 'मेल्या, मीच तुला घालत होते होय रे.' तिची काय चूक? आळ्यावर कुंपण घातलंय, पाणी आता गटाराला. चाचणी आजपासून पुन्हा पहिल्या दिवसापासून.

---

निवृत्त_मास्तर | ३ जुलै, सकाळी ८:१५

आईंना सांगा, त्यांच्यामुळे रोग सापडला.

---

तारकर्लीचो_झील | ३ जुलै, सकाळी ८:४०

म्हणजे माझ्या टिपूचा पण तसाच असतला. माशाचाच. तेका आता मासो बंद तो बंद.

---

सुपारीची_बाग | ३ जुलै, दुपारी १२:३०

पहिल्या दिवशी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. वाडीतल्या एका कुत्रीला असाच त्रास आहे, काल तिचं रक्त दिलं. अल्ब्युमिन मोजायला सांगितलं.

---

देवगडचा_माड | २१ ऑगस्ट, रात्री ९:१०

सात आठवडे झाले. वजन १६.४. अल्ब्युमिन १.९ चं २.७. बी-१२ मर्यादेत. वहीत गेले तेरा दिवस १ किंवा २ गुण, तोही सकाळच्या ओकारीचा एखादा. दुर्बीण लागली नाही, स्टेरॉइड लागलं नाही. काल पहिल्यांदा तोंडात चप्पल घेऊन पळाला, सहा महिन्यांत असं केलं नव्हतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. अमिनो आम्लांची तपासणी आता करावी का? साडेपाच हजार बाजूला ठेवलेले आहेत.

---

गुरांचा_डॉक्टर | २२ ऑगस्ट, सकाळी ६:४५

उपचार ठरवायला नको. अल्ब्युमिन वर येतंय म्हणजे यकृताला कच्चा माल मिळतोय, म्हणजे अमिनो आम्लं आत पोचताहेत. वजन आणि वही तेच सांगतात. बी-१२ मात्र तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, बंद केल्यावर परत उतरू शकतं.

ज्यांची कुत्री सगळं करूनही सुधारत नाहीत त्यांच्यासाठी या विषयात पुढे काहीतरी निघेल असं मला मनापासून वाटतं. सिट्रुलिन या अमिनो आम्लाचं उदाहरण घ्या: ते मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं, आणि २०११ च्या एका अभ्यासात पार्व्हो (आतड्याचा विषाणूजन्य आजार) झालेल्या पिल्लांत ते पार उतरलेलं दिसलं. अस्तर किती शिल्लक आहे हे एका थेंबात कळणं ही केवढी गोष्ट आहे. पण जुनाट आजारात ते तितकं सरळ नाही.

---

रेणूरेषा | २२ ऑगस्ट, सकाळी १०:२०

सहमत. फक्त एक विनंती. पुढे कधी बंड्यासाठी दुसऱ्या कारणाने उपाशीपोटी रक्त काढलं आणि एखाद्या पशुवैद्यक महाविद्यालयात यावर काम चालू असेल तर चार थेंब जास्त द्या. आजारी असतानाचे आकडे पुष्कळ जण मोजतात, बरं झाल्यावरचे थोडे. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचे निरोगी आकडे असल्याशिवाय कुठलाही रिपोर्ट वाचताच येणार नाही.

---

चौलची_वाडी | २२ ऑगस्ट, दुपारी ३:५५

१६.४ वाचून रडले. चांगलं रडू.

---

देवगडचा_माड | २२ ऑगस्ट, रात्री ८:५०

ताई, गणपतीत या दिशेने आलात तर घरी या. बंड्याला भेटा.

रेणूरेषा ताई, रक्त नक्की देईन. हर्णैच्या दादांची बर्फाची पद्धत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. आणि साडेपाच हजारातून पुढच्या दोन पिशव्या मागवल्या. डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं: गणपतीत घरी पाहुणे असतील, खिरापतीचं खोबरं सगळीकडे सांडतं. ते चालेल का?

---

गुरांचा_डॉक्टर | २२ ऑगस्ट, रात्री ९:१५

नको. खोबऱ्यात चरबी भरपूर, आणि ज्याच्या आतड्यातून प्रथिनं गळत होती त्याला ती सर्वात जड. मखराच्या खोलीचं दार लावून ठेवा, पाहुण्यांच्या मुलांना आधीच सांगा, आणि बंड्याचे स्वतःचे दाणे एका वाटीत काढून मुलांच्या हातात द्या. त्यांनाही भरवायला मिळेल.